जलद बस परिवहन

गर्दीच्या शहरात रस्त्याचा काही भाग केवळ बसगाड्यांसाठी राखून ठेवून, त्यावर ठराविक अंतरावरील स्थानकांमधून, थोड्या थोड्या वेळाने व शक्यतो विनाअडथळा चालविण्यात येणारी सार्वजनिक प्रवासी वाहतूक म्हणजे जलद बस परिवहन होय. मूळ इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तीस ‘बीआरटी’ असे म्हणतात व महाराष्ट्रात, विशेषतः पुणे परिसरात, हेच नाव लोकांच्या तोंडी रुळले आहे. आगगाडीची नियमितता आणि बसची सोय यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे. रूळ, बोगदे वा उन्नत मार्ग यांची गरज नसल्याने ही व्यवस्था लोहमार्गापेक्षा पुष्कळच कमी खर्चात व अल्पकाळात उभी करता येते. मात्र तिच्यासाठी लागणारी जागा नवी निर्माण होत नाही. ती आहे त्याच रस्त्यातून, म्हणजे इतर वाहनांच्या वापरातून, काढून घ्यावी लागते. म्हणून जलद बस परिवहनाचा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, रस्त्यावर कोणाचा किती हक्क आहे याचा आहे. पुणे शहराने भारतात हा प्रयोग सर्वांत आधी केला व त्याचे बरेवाईट अनुभवही आधी घेतले. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत पुण्याचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

तत्त्व : रस्त्याची क्षमता किती वाहने जातात यावरून न मोजता किती माणसे जातात यावरून मोजावी, हे या व्यवस्थेमागील मूळ तत्त्व आहे. उदाहरणादाखल एका मार्गिकेचा विचार करू. चौकाचौकांत थांबत जाणाऱ्या शहरी रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला ८०० मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस बसले आहे असे धरले, तर तासाला १,२०० माणसे पुढे जातात. त्याच मार्गिकेतून मिनिटाला एक याप्रमाणे तासाला ६० बसगाड्या गेल्या आणि प्रत्येकीत ६० प्रवासी असले, तर ३,६०० माणसे जातात. म्हणजे तेवढ्याच जागेतून तिप्पट लोकांची सोय होते.

यातच या व्यवस्थेची एक अडचण दडलेली आहे. ताशी ३० कि.मी. वेगाने व मिनिटामिनिटाच्या अंतराने धावणाऱ्या दोन बसगाड्यांमध्ये अर्धा कि.मी. अंतर राहते. शेजारच्या मार्गिकेत अडकून पडलेल्या दुचाकीस्वाराला अथवा मोटारचालकाला त्यामुळे बसची मार्गिका बहुतेक वेळ मोकळीच दिसते. ती तिप्पट माणसे वाहून नेत आहे ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ‘रस्ता रिकामा ठेवून आम्हाला खोळंबा’ ही तक्रार जगातील जवळजवळ प्रत्येक शहरात ऐकू आली आहे. ती नेहमीच चुकीची असते असे मात्र नाही. बसगाडी मिनिटाला एक ऐवजी पाच मिनिटांना एक आली, तर वरील हिशेबाने तासाला केवळ ७२० माणसे जातात. हे प्रमाण मोटारींच्या मार्गिकेहूनही कमी होय. अशा वेळी जागा राखून ठेवण्याचे समर्थन करणे कठीण होते. तात्पर्य, मार्गिका योग्य की अयोग्य हे तिच्या बांधकामावर ठरत नसून तीवरून किती बसगाड्या धावतात यावर ठरते.

घटक : स्वतंत्र मार्गिका हा या व्यवस्थेचा सर्वांत ठळक भाग असल्यामुळे तीच म्हणजे संपूर्ण व्यवस्था असा समज पसरतो. प्रत्यक्षात प्रवाशाचा वेळ तीन ठिकाणी जातो : वाट पाहण्यात, थांब्यावर गाडी उभी राहण्यात आणि चौकात. नुसत्या मार्गिकेने यांपैकी एकही वेळ फारसा कमी होत नाही.

थांब्यावरील वेळ कमी करण्यासाठी स्थानकाचा फलाट गाडीच्या तळाइतकाच उंच बांधतात. भारतातील काही शहरांत ही उंची साधारणतः ९० सेंमी. ठेवली आहे. पायऱ्या चढाव्या लागत नसल्याने वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया व सामान घेतलेले प्रवासी सहज आत जातात. गाडीला रुंद दारे असतात व काही देशांत तिकीट स्थानकात शिरतानाच घेतलेले असते. एका थांब्यावर बारा माणसे चढत असली आणि एकाच अरुंद दारातून, पायऱ्यांवरून चढण्यास प्रत्येकाला तीन सेकंद लागत असले, तर गाडी ३६ सेकंद खोळंबते. दोन रुंद दारे व सपाट फलाट असल्यास हेच काम दहा सेकंदांच्या आत आटोपते. वीस थांब्यांच्या मार्गावर एवढ्यानेच आठ-नऊ मिनिटे वाचतात. गाडीचा कमाल वेग वाढवून इतका वेळ क्वचितच वाचवता येतो.

स्थानके रस्त्याच्या मध्यभागी असावीत की कडेला, हा महत्त्वाचा निर्णय असतो. कडेची मार्गिका उभ्या केलेल्या वाहनांनी, रिक्षांनी, दुकानांपुढील गर्दीने आणि घरांच्या फाटकांतून येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांनी अडते. म्हणून बहुतेक ठिकाणी मधली मार्गिका पसंत करतात. दोन्ही दिशांना एकच सामाईक स्थानक ठेवल्यास जागा व खर्च वाचतो. परंतु भारतात वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने अशा स्थानकासाठी बसला उजव्या बाजूसही दारे ठेवावी लागतात. मध्यभागातील स्थानकापर्यंत पोचण्यासाठी प्रत्येक प्रवाशाला निम्मा रस्ता पायी ओलांडावा लागतो, ही या रचनेची मोठी किंमत होय. म्हणून सुरक्षित पादचारी मार्ग, सिग्नल व सलग पदपथ ही या व्यवस्थेची शोभेची अंगे नसून तिचे प्रवेशद्वार आहे. बसचा प्रत्येक प्रवासी प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारी असतो ही साधी गोष्ट आराखड्यांत अनेकदा विसरली जाते.

चौकाचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. मधल्या मार्गिकेतून सरळ जाणारी बस आणि तिच्या डावीकडून येऊन उजवीकडे वळू पाहणारी इतर वाहने यांचे मार्ग एकमेकांना छेदतात. दोघांना स्वतंत्र वेळ द्यावी लागल्याने सिग्नलचे टप्पे वाढतात. टप्पे वाढले की पूर्ण आवर्तन लांबते, आणि मग बससह सर्वांनाच लाल दिव्यापाशी अधिक काळ थांबावे लागते. यावर उजवे वळण बंद करून वाहनांना पुढून वळवून आणणे हा उपाय सांगितला जातो. तो परिणामकारक असला, तरी चौकातील दुकानदार व रहिवासी यांना सहसा रुचत नाही.

उगम व प्रसार : बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याचे प्रयत्न इंग्लंडमधील रंकॉर्न (१९७१) व पेरूची राजधानी लिमा (१९७२) येथे झाले होते. तथापि नगररचना आणि बसवाहतूक यांची पद्धतशीर सांगड प्रथम ब्राझीलमधील कुरितिबा शहराने घातली. वास्तुशास्त्रज्ञ झाइमे लेर्नर हे तेथील महापौर असताना १९७४ मध्ये पहिले राखीव बसमार्ग सुरू झाले. उंच इमारतींना परवानगी याच मार्गांलगत देण्यात आली. त्यामुळे लोकवस्ती आणि बस एकमेकींच्या आधाराने वाढल्या. नळीच्या आकाराची, आत शिरतानाच तिकीट घेण्याची सोय असलेली स्थानके १९९१ मध्ये आणि तीन भाग जोडलेल्या लांब बसगाड्या १९९२ मध्ये आल्या.

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे महापौर एन्रीके पेन्यालोसा यांच्या काळात डिसेंबर २००० मध्ये ‘ट्रान्समिलेनिओ’ ही व्यवस्था सुरू झाली. स्थानकांजवळ दुहेरी मार्गिका ठेवून उभ्या बसला ओलांडून पुढे जाण्याची सोय केल्यामुळे तेथे एका दिशेने तासाला सु. ४०,००० प्रवासी नेण्याची क्षमता सिद्ध झाली. इतकी वाहतूक तोपर्यंत लोहमार्गच करू शकतो असे मानले जाई. तेथील गाड्या खाजगी कंपन्यांच्या असल्या, तरी त्यांना मोबदला प्रवाशांच्या संख्येवर न देता मुख्यतः धावलेल्या अंतरावर देण्यात येऊ लागला. त्यामुळे प्रवासी मिळविण्यासाठी रस्त्यावर चालणारी गाड्यांची शर्यत थांबली. जाकार्ता (२००४) व चीनमधील ग्वांगजो (२०१०) या आशियाई शहरांनीही या अनुभवाचा लाभ घेतला. ग्वांगजोत बसगाड्या राखीव मार्गात बाहेरून येतात व तो सोडून पुढे उपनगरांत जातात. यास खुली पद्धत म्हणतात. प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही हा तिचा मोठा गुण होय.

भारतातील प्रारंभ : केंद्र शासनाने ३ डिसेंबर २००५ रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले आणि एप्रिल २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण मान्य केले. रस्त्यांच्या नियोजनात वाहनांऐवजी माणसांचा विचार व्हावा, असे या धोरणात प्रथमच स्पष्टपणे नमूद झाले. अभियानातून शहरांना मोठ्या रकमा उपलब्ध झाल्या. पुण्यासारख्या शहराच्या बाबतीत खर्चाचा ५० टक्के वाटा केंद्राने, २० टक्के राज्याने व उरलेला ३० टक्के स्थानिक संस्थेने उचलावयाचा होता. हा निधी रस्त्यांच्या बांधकामास सहज मिळे. बसगाड्या चालविण्याचा वर्षानुवर्षांचा खर्च मात्र शहरांनाच करावयाचा होता. पुढील अनेक अडचणींचे मूळ या विषमतेत आहे.

पुण्यातील प्रयोग : पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायकलींची जागा स्वयंचलित दुचाकींनी घेतली. प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडील नोंदणीकृत वाहनांची संख्या २०१८ मध्ये सु. ३६ लाखांवर गेली. शहराच्या लोकसंख्येपेक्षा वाहने अधिक झाल्याची चर्चा तेव्हा सर्वत्र झाली. २०११ च्या जनगणनेनुसार पुण्याची लोकसंख्या सु. ३१ लाख व शेजारच्या पिंपरी-चिंचवडची सु. १७ लाख होती. दोन्ही महानगरपालिकांच्या स्वतंत्र बससेवा होत्या. पुणे महानगरपालिका परिवहन १९५० पासून व पिंपरी-चिंचवडची सेवा १९७४ पासून चालू होती. या दोहोंचे एकत्रीकरण होऊन २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळ मर्यादित (पीएमपीएमएल) ही संस्था अस्तित्वात आली. म्हणजेच पुण्यातील पहिली राखीव मार्गिका तयार झाली तेव्हा ती वापरणारी संस्था अद्याप घडतच होती.

ही पहिली मार्गिका कात्रज-स्वारगेट-हडपसर या सु. १६ कि.मी. लांबीच्या मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. मार्गाची निवड विचारपूर्वक होती. सातारा रस्ता व सोलापूर रस्ता हे शहराचे दोन वर्दळीचे दरवाजे आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून येणाऱ्या एस. टी. गाड्यांचे मुख्य स्थानक स्वारगेट येथे आहे. कवठे महांकाळ, तासगाव, विटा वा मिरजेहून शिक्षणासाठी, नोकरीसाठी अथवा रुग्णालयात दाखवण्यासाठी आलेला माणूस कात्रजचा घाट किंवा बोगदा ओलांडून याच रस्त्याने शहरात शिरतो. रात्रभराचा प्रवास करून स्वारगेटला उतरल्यावर पुढे हडपसरच्या कारखान्यात किंवा नातलगाच्या घरी पोचण्यासाठी त्याला शहर बसचाच आधार असतो. तेव्हा मार्गिकेचे यशापयश हा केवळ पुणेकरांच्या सोयीचा प्रश्न नव्हता.

प्रयोगाची अडचण अशी झाली, की वर सांगितलेल्या घटकांपैकी मार्गिका तेवढी आधी आली व बाकीचे घटक मागे राहिले. बसगाड्या नेहमीच्याच, डावीकडे दारे असलेल्या होत्या. उंच फलाट नव्हते आणि तिकीट गाडीतच वाहकाकडून घ्यावे लागे. स्थानके रस्त्याच्या मधोमध होती व तेथपर्यंत पोचण्यासाठी वेगाने जाणाऱ्या वाहनांमधून वाट काढावी लागे. आरंभीच्या काळात मार्गावर अपघात झाले. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेवरून वृत्तपत्रांत व महानगरपालिकेच्या सभेत वादळ उठले. कटक मंडळाच्या हद्दीत व मोठ्या चौकांत मार्गिका तुटे, आणि तुटलेल्या मार्गिकेतून बाहेर पडलेली बस पुन्हा त्याच गर्दीत सापडे. मार्गिकेत दुचाकी, रिक्षा व मोटारी सर्रास शिरत. त्यांना रोखण्यासाठी नेमलेले रक्षक कायमचे पुरे पडणारे नव्हते. पुढे स्वारगेट व हडपसर येथे उड्डाणपूल झाले. उड्डाणपुलाचे खांब व उतार नेमके रस्त्याच्या मधल्याच जागेत येतात, त्यामुळे मार्गिकेची सलगता आणखी खंडित झाली. एकाच रस्त्यावर एकाच महानगरपालिकेने बसला प्राधान्य देणारी योजना आणि मोटारींचा वेग वाढविणारी योजना शेजारी-शेजारी राबविल्याचे हे उदाहरण नगरनियोजनाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

तरीही या प्रयोगाला सरसकट अपयशी म्हणणे बरोबर होणार नाही. ज्या पट्ट्यात मार्गिका सलग राहिली तेथे बसचा वेळ वाचला. सायकलींसाठी व पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्यालगत स्वतंत्र जागा ठेवण्याची कल्पना यानिमित्ताने प्रथमच मोठ्या प्रमाणावर अमलात आली. पुढे सातारा रस्त्याची पुनर्रचना करून मध्यभागी नवी स्थानके बांधण्यात आली.

पुण्याच्या अनुभवावरून दुसऱ्या टप्प्यात बरेच शिकून घेतल्याचे दिसते. ‘रेनबो’ या नावाने ही सेवा २०१५ मध्ये नव्याने सुरू झाली. ऑगस्ट महिन्यात संगमवाडी-विश्रांतवाडी, सप्टेंबरमध्ये सांगवी-किवळे (सु. १४ कि.मी.) व नोव्हेंबरमध्ये नाशिक फाटा-वाकड (सु. ८ कि.मी.) हे मार्ग खुले झाले. नगर रस्त्यावरील मार्ग २०१६ मध्ये सुरू झाला. येथे मध्यभागी बंदिस्त स्थानके, गाडीच्या तळाशी जुळणारे उंच फलाट व दोन्ही बाजूंस दारे असलेल्या गाड्या होत्या. खुली पद्धत स्वीकारल्याने मार्गिकेबाहेरील वस्त्यांतून येणाऱ्या गाड्याही तिचा उपयोग करू शकल्या. पिंपरी-चिंचवडमधील रस्ते मुळातच रुंद असल्याचा मोठा फायदा झाला. शहर विस्तारत असताना, वस्ती पूर्ण दाटण्यापूर्वीच, जागा राखून ठेवणे तेथे शक्य झाले. या कामांना जागतिक बँक व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या शाश्वत नागरी परिवहन प्रकल्पातूनही साहाय्य मिळाले. निगडी-दापोडी हा जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील पट्टा बांधून होऊनही दीर्घकाळ वापराविना राहिला. तेथील सुरक्षिततेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला होता. तो मार्ग अखेर ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाला.

दुसऱ्या टप्प्यातील उणिवा निराळ्या होत्या. स्थानकाची सरकती दारे गाडी आल्यावरच उघडावीत अशी योजना होती, पण ती वारंवार नादुरुस्त राहू लागली. मार्गिका कोणी बांधावयाची, स्थानके कोणी झाडावयाची, दारे कोणी दुरुस्त करावयाची व घुसखोरी कोणी रोखावयाची, ही कामे दोन महानगरपालिका, परिवहन महामंडळ आणि वाहतूक पोलीस यांच्यात विभागलेली होती. एखादे दार महिनोन्‌महिने उघडे राहिले तर त्याचा जाब कोणाला विचारावा, हे प्रवाशाला समजणे अशक्यच असते.

त्याहून गंभीर उणीव गाड्यांची होती. नागरी भागात दर लाख लोकसंख्येमागे ४० ते ६० बसगाड्या असाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे. केवळ २०११ ची दोन्ही शहरांची लोकसंख्या धरली, तरी कमाल प्रमाणाने सु. २,९०० गाड्या लागतात, आणि त्यानंतर दोन्ही शहरे आणखी वाढली. महामंडळाकडील गाड्यांची संख्या मात्र २०२० नंतरच्या वर्षांतही दोन हजारांच्या आसपासच राहिली व त्यांतील सर्व गाड्या रोज रस्त्यावर येत नसत. त्यामुळे राखीव मार्गिकेत गाड्यांची वर्दळ अपेक्षेइतकी झाली नाही. मार्गिका रिकामी असल्याची तक्रार, जी एरवी दृष्टिभ्रम ठरली असती, ती काही पट्ट्यांत खरी ठरली. गाड्या कमी म्हणून प्रवासी दुचाकीकडे वळतात, दुचाकी वाढल्या की मार्गिका काढण्याची मागणी जोर धरते आणि मार्गिका गेली की उरलेल्या गाड्याही रेंगाळतात, असे हे चक्र आहे. त्यात सर्वांत अधिक नुकसान ज्याच्याकडे दुचाकीही नाही त्याचे होते. घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया, विद्यार्थी, वृद्ध व रोजंदारीवरील कामगार यांच्यासाठी वीस मिनिटांचा खोळंबा म्हणजे कधी अर्धा दिवसाच्या मजुरीचा प्रश्न असतो. महानगरपालिकेच्या सभेत मात्र त्यांच्या तक्रारी मोटारचालकांच्या तक्रारींइतक्या लवकर पोचत नाहीत.

नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग २०२३ पासून काढून टाकण्यात आला. रस्त्यावरील वाहतूककोंडी आणि त्याच रस्त्यावर चाललेले मेट्रोचे काम ही त्याची पार्श्वभूमी होती. योगायोग असा, की राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून तत्कालीन अहमदनगरला गेली. राज्य परिवहनाच्या बसवाहतुकीचा आरंभ ज्या दिशेने झाला, त्याच दिशेच्या रस्त्यावर बसची राखीव जागा पंचाहत्तर वर्षांनी मागे घेण्यात आली.

इतर शहरे : पुण्याच्या पहिल्या प्रयोगातील चुका टाळण्यात अहमदाबादला सर्वाधिक यश मिळाले. तेथील ‘जनमार्ग’ ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाला. मार्गिका, मध्यभागातील बंदिस्त स्थानके, उजव्या दारांच्या गाड्या, स्थानकातच मिळणारे तिकीट व चालविणारी स्वतंत्र कंपनी हे सर्व तेथे एकाच वेळी आले. शिवाय आरंभ रुंद व तुलनेने मोकळ्या रस्त्यांवर केल्याने लोकांना व्यवस्था चालताना पाहता आली व विरोध तीव्र होण्यापूर्वीच तिला पाठीराखे मिळाले. पुढे सुरत, राजकोट, हुबळी-धारवाड आदी शहरांत अशा सेवा सुरू झाल्या.

उलट दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सु. ६ कि.मी. चा पट्टा २००८ मध्ये सुरू झाला, तेव्हा मोटारचालकांचा रोष ओढवला. चौकांतील सिग्नलची लांबलेली आवर्तने हे त्याचे एक प्रमुख कारण होते. राखीव मार्गिकेविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. तरी दिल्ली शासनाने पुढे ती मोडण्याचा निर्णय घेतला व २०१६ मध्ये ती उखडली गेली. भोपाळमधील मार्गिका २०२४ मध्ये काढण्यास आरंभ झाला. इंदूरची मार्गिका २०१३ पासून बऱ्यापैकी प्रवासी वाहून नेत असूनही ती काढण्यास मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये संमती दिली. मोडलेल्या मार्गिकेची जागा इतर वाहनांना मिळाली की कोंडी काही काळ कमी होते. मात्र रस्ता रुंद झाला की वाहनेही वाढतात, हा सर्वत्रचा अनुभव असल्याने तो दिलासा टिकत नाही.

सांगली-मिरजेसारख्या मध्यम शहरांत बसगाड्यांची संख्या व रस्त्यांची रुंदी लक्षात घेता राखीव मार्गिकेची पूर्ण व्यवस्था तूर्त प्रस्तुत ठरत नाही. तेथे चौकात बसला प्रथम सोडणारा सिग्नल, अतिक्रमणमुक्त थांबे आणि बसस्थानकापासून बाजारपेठेपर्यंतचा चालण्याजोगा पदपथ एवढ्यानेही पुष्कळ साधेल. कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावी तर एस. टी. स्थानक हेच सार्वजनिक वाहतुकीचे केंद्र असते. तेथे गाडी वेळेवर येणे व स्थानकात उभे राहण्यास सावली असणे यांस मार्गिकेहून अधिक महत्त्व आहे. पण बाह्यवळण रस्ते व नव्या वसाहती आखतानाच बससाठी जागा सोडून ठेवावी, हा पिंपरी-चिंचवडचा धडा वाढत्या गावांनाही लागू आहे. वस्ती दाटल्यावर तीच जागा मिळविण्यास कितीतरी पट खर्च येतो.

मेट्रो व जलद बस : पुण्यात मेट्रोचे पहिले पट्टे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले व २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोचला. स्वारगेट-कात्रज या ५.४६ कि.मी. च्या भुयारी विस्तारास केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. मूळ मंजुरीनुसार त्याचा खर्च २,९५४ कोटी ५३ लाख रुपये, म्हणजे कि.मी. मागे ५४० कोटी रुपयांहून अधिक आहे आणि त्यावर तीन स्थानके योजिली होती. भारतातील पहिली राखीव बसमार्गिका ज्या रस्त्यावर आखली गेली, त्याच रस्त्याखालून हा मार्ग जाणार आहे. जमिनीखालून जाणारी गाडी रस्त्यावरील कोणाचीही जागा घेत नाही. राजकीय दृष्ट्या ती सोपी वाटते याचे हेच प्रमुख कारण आहे, आणि तिच्या खर्चाचेही. मेट्रोची स्थानके दूर दूर असतात. त्यांच्यापासून घरापर्यंतचा व कामापर्यंतचा प्रवास बहुसंख्य लोकांना बसनेच करावा लागतो. धनकवडी, बिबवेवाडी, मार्केट यार्ड या वस्त्यांतील प्रवासी भुयारी स्थानकापर्यंत पोचण्यासाठी सातारा रस्त्यावरच्या त्याच गर्दीतून येतील. तेव्हा त्यांच्या बसला रस्त्यावर जागा द्यावयाची की नाही, हा २००६ चा प्रश्न भुयारी मार्ग पूर्ण झाल्यावरही तेथे शिल्लक राहणार आहे.